अडीच फूट

डॉक्टरनं रिपोर्ट उलटा-सुलटा केला
आणि म्हटलं, रोज अर्धा तास चालवा यांना.
म्हणून मी मामाजींना घेऊन
इतवारीच्या पलीकडे येते,
छोटी लाईन उखडून केलेल्या नव्या वाटेवर.
वेळ पहाटे पाच ते नऊ. कुत्र्यांना मनाई.
दर शंभर मीटरवर बाक
आणि बाकाच्या पाठीवर देणगीदाराचं नाव.

माझे सासरे डोमाजी सयाम,
चाबीवाले, गँग नंबर सात.
एकतीस वर्षं इथंच चालले.
खांद्यावर हातोडा, काखेत गुंडाळलेल्या झेंड्या,
सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं,
ढिल्या चावीला ठोका, घट्ट चावीला नुसती नजर.
तेव्हा याला चालणं म्हणत नसत.
ड्यूटी म्हणत.

आता पायाखाली लाल-करडे गट्टू,
कुठंही पाय टाका, सगळं सारखं.
तेच त्यांना जमत नाही.
पाऊल अजून सिलपाटाच्या मापानं पडतं,
मधली नसलेली गिट्टी
ते ओलांडत जातात.
मनगटावरच्या घड्याळात पावलं मोजणारी एक बाई
मागून येऊन म्हणाली,
अंकलला गुडघ्याचा त्रास आहे का?
मी म्हटलं, नाही, रुळाचा.

चिंचबिलाईचं एक झाड वाचलंय.
त्याखाली लोक हमखास तीच गोष्ट सांगतात,
की गाडी इतकी हळू चालायची
की उतरून चिंचा वेचा, धावत जाऊन पुन्हा चढा.
मामाजी चिडतात.
हळू नोहती बाप्पा. जपून होती.

याच गाडीनं आमची मंडळी आली, भिवापूरहून,
माझ्या लग्नाला.
कुणीतरी मिरचीचं पोतं डब्यात चढवलं होतं,
उमरेडपासून सगळा डबा शिंकत होता,
शिंकताना माझी हळद सांडली.
मांडवात सासरे दिसेनात.
आई कुजबुजली, मुलाचा बाप रुसला वाटते.
ते दुपारी आले, पायाला काळं तेल, हातात हातोडा.
सुट्टी घेतलीच नव्हती.
व्याही ज्या लाईनीवरून येणार
ती दुसऱ्याच्या भरवशावर कशी सोडायची?
हे त्यांनी मला मागच्या आठवड्यात सांगितलं,
बावीस वर्षांनी,
बुटाची नाडी बांधून घेता घेता.

वाटेच्या टोकाला रुळाचा एक तुकडा ठेवलाय,
बारा-तेरा फुटांचा, मोरपंखी रंगवलेला,
भोवती साखळी, शेजारी फोटोसाठी जागा.
मामाजी रोज तिथं थांबतात.
काल काठीनं टक-टक केलं,
कान वाकडा केला.
चौथी ढिली हाये.

पहारेकरी निकेश, नवा पोट्टा, शिट्टी फुंकत आला.
आजोबा, हात नका लावू.
आणि इथून आता कोणती गाडी येणार आहे?
गाडी येते म्हनून नाही ठोकत, राजा.
मंग काहून?
मामाजींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं,
मराठीत विचारलेला प्रश्न
समजला नसल्यासारखं.

आज पिशवी जड लागली.
पाण्याची बाटली, ग्लुकोज बिस्किटाचा पुडा,
आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.
मी विचारलं नाही.
निकेशनं आधी इकडे-तिकडे पाहिलं,
मग स्वतःच साखळी उचलून धरली.
तीन ठोके.
निळ्या रंगाचे पापुद्रे उडाले,
मनाई असलेलं कुणाचं तरी कुत्रं भुंकलं,
बाकावरचा हास्यक्लब मध्येच थांबला.
मामाजींनी पुन्हा काठी टेकवली, ऐकलं,
तोंड पुसलं.
चाल सूनबाई, आता डॉक्टरचं चालून घेऊ.

घरी कुणाला सांगितलेलं नाही.
हातोड्याला थोडा मोरपंखी लागलाय,
तो मी पुसला नाही.
परत येताना केव्हातरी माझ्या लक्षात आलं
की मीही पाय जपून टाकतेय,
एक सोडून, एक सोडून,
आणि साखर कुणाची वाढली होती
तेच क्षणभर आठवेना.