नवव्या कलमातला ‘किंवा’

देवेनीसाहेबांची शिडी मी धरायचो.
लीट्रिममधला फेब्रुवारी, खांब गारठलेले,
सुतळी बोटांत रुतायची,
आणि वर ते स्वतः, उमेदवार,
स्वतःचंच तोंड खांबाला बांधत.
“सरळ आहे का रे?”
“डावीकडे कललंय, साहेब.”
“राहू दे. मतं दोन्हीकडून येऊ देत.”

एकशे नऊ मतांनी आले.
मग डब्लिन, मग मंत्रिपद, मग पुढच्या खेपेला आपटले
आणि वर्षभरात न्यायाधीश झाले.
गावात म्हणाले, पक्षाने उपकार फेडले.
खोटं नव्हतं.
पण झगा चढवला त्या सकाळी
पक्षाचं कार्ड त्यांनी पाकिटात घालून परत पाठवलं,
तिकीट मीच चिकटवलं, थुंकी लावून.

शिडी गेली. आता मी दार धरायचो
आणि ओरडायचो, सर्वांनी उठावं.

मॅनस गिल्हूलीचा खटला मंगळवारी आला.
राखीव दलदलीतून त्याने पीट कापलं, चार ट्रॉल्या,
काळ्या ओल्या विटा, बापाने कापल्या तशाच,
आपल्या चुलीपुरत्या. विकलं नाही एक ढेकूळ.
कायदा म्हणत होता: जो कापील किंवा विकील.

कायदा कुणाचा, ते साहेबांनी आधीच सांगितलं,
दुसऱ्याकडे द्यायचा का खटला, दोन्ही बाजूंना विचारलं.
दोघेही नको म्हणाले.
दोघांनाही वाटलं, आपलाच फायदा.

त्याची वकील, टॅन्सी नावाची पोरगी, उठली,
हातात सभागृहाच्या कामकाजाचा जाड खंड.
“मंत्री त्या रात्री म्हणाले होते, महाराज,
घरच्या चुलीला याची झळ लागणार नाही.”
मंत्र्याचं नाव तिने वाचलं नाही.
कोर्टात कुणी खोकलंसुद्धा नाही.

ती रात्र मला ठाऊक होती, गाडी मीच चालवायचो.
दीड वाजता विरोधी बाकावरचा एक म्हातारा
‘आणि’ घाला, ‘आणि’ घाला म्हणून घसा फोडत होता.
साहेब मागच्या सीटवर बूट काढत म्हणाले,
“एका शब्दासाठी झोप कोण मोडणार?”

त्यांनी चष्मा काढला. पुसला. घातला.
“मंत्री काय म्हणाला हा पुरावा नाही.
मंत्र्याला काय वाटत होतं, तेही नाही.
छापलंय ते वाचा.”
तिने वाचलं. किंवा.
“पुन्हा.”
किंवा.

किमान दंड. त्याहून कमी कायद्यात नव्हता,
तोही त्यांनीच ठेवला नव्हता.

पायरीवर मॅनसने माझ्याकडून सिगारेट पेटवून घेतली.
“तुझ्या साहेबाची ती पोस्टरची फळी,” म्हणाला,
“अजून गोठ्याच्या खिडकीला ठोकलीय. वारा अडतो.
गाईंना मत नसतं, ते बरंय.”

हे मी साहेबांना सांगितलं नाही.
अकरा मैल ते बोलले नाहीत.
शॅननवरचा पूल आला, काचेवर पाणी,
तेव्हा एवढंच विचारलं,
“त्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं रे?”
मला आठवेना.
“मलाही,” म्हणाले.