खटका

डॉक्टरांनी केसपेपरच्या पाठीवर दोन रेघा ओढल्या.
ही खटक्याची झडप. कार्बनची असते, तुम्ही लोखंडाची म्हणा.
जन्मभर पुरेल बहुतेक. फक्त रक्त पातळ ठेवायचं,
रोज एक गोळी, आणि चुकायचं नाही.
ही दुसरी जनावराची. आवाज नाही, पुढं गोळी नाही,
पण झिजते. दहा वर्षं, पंधरा.
तरुण बाईत लवकर.

मी एकतीसची. दोन पोरं पदरात.
पहिल्या रेघेवर बोट ठेवलं.

शेजारच्या खाटेवर सिंधू गजभिये, चोवीसची,
लग्नाला दीड वर्ष.
गोळीनं पोटातलं लेकरू बिघडू शकतं
हे कळल्यावर ती दुसऱ्या रेघेकडे गेली.
सासू म्हणाली, गाईची का डुकराची वं?
सिंधू म्हणाली, आता माह्यीच.

गोळीबार चौकात आमचा माग
भंगारात किलोनं गेला त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती.
मेची रात्र, लाइट गेलेली, कूलर बंद,
आणि बाबा अंथरुणात उठून बसले:
माग कोणी लावला?
मी छातीवर उशी धरली.
ते बराच वेळ ऐकत राहिले.
म्हणाले, ताणा बरोबर आहे.

मग महिन्याला एक सुई, एक आकडा.
दोनच्या खाली गेला तर गुठळी,
चारच्या वर गेला तर रक्त थांबत नाही.
मेथी खायची, पण दर आठवड्याला तेवढीच मूठ.
दाढ काढायला तीन डॉक्टरांच्या सह्या.
भाचीच्या लग्नात गोळ्या राहिल्या, चार दिवस,
आणि पाचव्या सकाळी
मी पाण्याला किल्ली म्हणाले.
किल्ली द्या, किल्ली द्या,
सगळे कपाटाकडे धावले.
संध्याकाळपर्यंत शब्द परत आले,
एक-दोन अजून येताहेत.

सिंधूची अकरा वर्षं बिनआवाजी.
उत्पला झाली, शाळेत गेली,
फुटाळ्यावर आईला पळवत नेऊ लागली.
बाराव्या वर्षी बर्डीच्या पुलावर
सिंधू मधल्या पायरीवर बसली ती उठेना.
तीच शिवण पुन्हा उसवली.
या वेळी खटक्याची बसवली.
छाती पुन्हा उघडायची भीती, माय,
पयल्यापेक्षा मोठी असते, ती म्हणाली,
आता वाट माहीत असते ना.

कोणाचं बरं झालं?
डॉक्टरांकडे आलेख आहे,
त्यात आम्ही दोघी दोन ठिपके असू,
उत्पला त्यात कुठंच नाही.

आज मेडिकलच्या बाकावर
ती आमच्या मध्ये बसली, अठराची, मोबाइल खाली ठेवून,
एकदा इकडे कान, एकदा तिकडे.
तुमचं दोघींचं जमत नाही, म्हणाली,
मावशी पुढं पळते.

माझा आकडा दोन पूर्णांक सहा.
सिंधूचा साडेचार. अर्धी गोळी कमी.
ती रागानं म्हणाली, चाल वं, पोहे खाऊ,
तर्रीत तर काही मोजायचं नसते ना?