घेर

सकाळी साडेसातले कूलरच्या टाकीत दोन बादल्या ओततो,
मंग पिल्लं मोजतो.
आठ दिवसांची, गुलाबी, डोये अजून झाकलेले.
औषधाच्या झाकणाएवढं डोकं व्हर्नियरच्या जबड्यात धरतो,
दाबत नाई.
तेरा पूर्णांक दोन.

तिजारे मॅडमनं पहिल्याच दिवशी समजावलं होतं,
मानेच्या मागून डोक्यातलं पाणी खाली उतरते,
तिथं पांढरी माती सोडायची, सुईतून, थेंबभर.
म्या म्हणलं, मॅडम, हे तर मले येते.
तुरीच्या पाटात एक ढेकूल अडकलं
का वरचा अख्खा तास पिवया पडते.
मॅडम हसल्या नाई.
"तसंच," म्हणल्या.

अर्ध्या पिल्लाईले माती, अर्ध्याईले नुसतं मिठाचं पाणी.
कोणाले काय, हे शेपटीवरच्या टिपक्यावरून मले ठाऊक,
मॅडमले नाई.
त्याईले माहीत नसलंच पायजे, असा नेम हाय.
म्हणून जेवताना त्या खुशाल बोलतात
अन् मी भाकर मोडत बसतो.

वर बारा नंबरच्या खाटेवर रेवता मडावीचं पोट्टं,
पांढरकवड्याकडचं.
त्याचे डोये खाली खाली जातात,
बुबुयं अर्धे पापणीत बुडलेले.
तिनं घरी करदोड्यानं डोकं मोजलं होतं,
दर बजाराच्या दिवशी एक गाठ.
सहा गाठी. मोठ्या डॉक्टरनं तो दोरा पट्टीवर ठेवला,
एकेक गाठ कागदावर उतरवली, अन् दोरा परत देला.

कानामागून पोटापर्यंत नयी टाकली त्याच्या.
ती नयी कधी कधी बुजते.
ती बुजू नाई म्हणून
माह्या खोलीत बुजवून पाहतात.

"दादा, तुमी कोणत्या डॉक्टरजवय?"
"उंदराईच्या."
हसली. पयल्यांदाच.
मंग हळूच विचारलं, "त्याईच्या माया कुठं असतात?"
त्याच पिंजऱ्यात, म्हणलं.

बत्तीस नंबर आता एकवीस दिवसांचा.
बाटलीकडं मान वर करते, डोकं जड, कलंडते,
पुन्हा उठते. नळीले तोंड लावते.
शुक्रवारी त्याची बारी.

सुट्टी झाली त्या दिवशी रेवतानं करदोडा माह्या हातात देला,
"तुमी मोजा, तुमाले सवय हाय."
टाक्याले धक्का न लावता दोरा फिरवला.
सातवी गाठ सहावीवरच पडली.

खाली आलो.
टाकी कोरडी पडली होती, पंप नुसताच घरघरत होता.