बोटभर फट

आर. के. नगरात, शिराळकर बाईंच्या दारात
प्लास्टिकचं गवत फुगलंय, भाकरीगत.
खिळे उपसले. टेप खरवडली.
गुंडाळी भिंतीला टेकवली.
खाली काळी माती, वासाची, चिकट,
उन्हाळाभर तडकलेली
आणि जुलैत पुन्हा मिटलेली.

"मुरूम टाकला न्हवता काय वो?"
"ह्यांनी वाचवले तेवढे पैसे," बाई म्हणाल्या,
आणि झाकून ठेवलेल्या स्कूटरकडं बघत राहिल्या.

वीतभर माती काढली, खडी ओतली,
धुम्मस मारून उतार गटारीकडं काढला.
कडेला, मोडलेल्या खिळ्यापाशी
हरळीचा एक कोंब. पांढराफटक.
अंधारात हातभर चालत आलेला.

उपटणार, एवढ्यात बाई म्हणाल्या,
ऱ्हाऊ दे.

शिवण घालताना तिथं
बोटभर फट सोडली.
बिलात तेवढीच लिहिली नाही.