रिकाम्या गाडीचं वजन

शेवटच्या दोन पगारांऐवजी
मला हा संगणक मिळाला.
बार्जच्या धक्क्यावर, वजनकाट्याच्या केबिनमधला,
कीबोर्डवरचा आठ पुसून गेलेला.
साहेब म्हणाले, इथे सही करा, सुहासिनीबाई.
केली.
मग तो कॉटखाली गेला,
चादरीत गुंडाळून, आणि मी तिथे झाडायची बंद झाले.

यंदा रोहिदासच्या मुलीला बारावीत हवा म्हणून
डिचोलीहून म्हापशाला नेला, कदंबाच्या बसने, मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, ह्याचं अर्धं तिकीट लागेल.
थट्टा असावी. मी पैसे दिले.

कायतानचं दुकान मासळीबाजाराच्या पाठीमागे.
त्याने तीन स्क्रू काढले, चौथा गंजला होता,
त्यावर तेलाचा थेंब सोडून तो थांबला,
घाई नसलेल्या माणसासारखा.
मग पत्रा सरकला
आणि आत आमची खाण होती.
पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या खाचेत,
हीटसिंकच्या प्रत्येक फटीत ती लाल भुकटी,
जी मी केसांतून नऊ वर्षं धुतली.
कायतानने ब्रश फिरवला, शिंकला,
बनियनवरचा डाग बघून म्हणाला,
"हो एक्सपोर्टाचो माल, बाय. टनाक कितले?"
मी भाव सांगितला. तेव्हाचा.
तो हसायचा थांबला.

नवा रॅम बसेना.
खाच थोडी इकडे, बोर्डाचा दात थोडा तिकडे.
"जोर लावला तर?"
"बसेल. मग दोघंही मेले."
म्हणून जुनाच शोधला, एक-एक जीबीच्या दोन पट्ट्या,
मडगावच्या कुठल्याशा बँकेने टाकलेल्या,
अजून मालमत्तेचा नंबर चिकटलेला.
प्रोसेसर वास्कोच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतला,
त्याच सॉकेटचा, एक पायरी वरचा.
हा बोर्ड त्याहून वरचं काही ओळखतच नाही.
पॉवर सप्लाय उघडला, तर कपॅसिटर
सान्नांसारखे फुगलेले. तो फेकला.
नवी कोरी फक्त डिस्क,
आणि नाण्याएवढी बॅटरी, चाळीस रुपयांची.
"डिस्क वेगाची आहे," कायतान म्हणाला, "पण वाट जुनी."
हे मला समजवायची गरज नव्हती.
मी टिपरवाल्यांत बसून जेवलेली बाई.

चालू झाला तेव्हा पडद्यावर
एक जानेवारी दोन हजार पाच.
त्या दिवशी मी काट्यावर लागले नव्हते.
रोहिदासने गाडी घेतली नव्हती,
हप्ता हा शब्द घरात फक्त पंख्यासाठी होता.
कायतानने दोन बटणं दाबून तारीख बरोबर केली.

मग जुनी डिस्क जोडली. टकटक, टकटक,
दाराशी कुणी उभं असावं तशी.
उघडली.
गाडी नंबर. भरलेली. रिकामी. निव्वळ.
गाडी नंबर. भरलेली. रिकामी. निव्वळ.
माझ्याच बोटांच्या हजारो ओळी, आणि सगळ्यांत खाली
रोहिदासचा टिपर, भरलेला, सोळा हजार ऐंशी किलो.
पुढचा रकाना कोरा.
तो माल उतरवायला गेला आणि बंदचा फोन आला.
त्याला परत काट्यावर घ्यायचं राहून गेलं.
नंतर गाडी भंगारात गेली, दुसऱ्या कुणाच्या काट्यावर.

"पुसूं?" कायतानने विचारलं.
जरा थांब, म्हटलं.
आकडा मला पाठ होता, आहे.
पाच. मग ते गुळगुळीत बटण,
न बघता सापडलं.
चार. शून्य.
निव्वळ त्याने आपणहून काढलं,
दहा हजार दोनशे चाळीस,
क्षणभरही न अडखळता, दोन पट्ट्यांच्या जोरावर.

आता पूस.

त्याला सतरा मिनिटं लागली.
तोवर कायतानने चहा सांगितला,
एक बिनसाखरेचा.