भोंगासुर

राजमल्लूला चित्र यायचं, मला मराठी.
त्याच्या घरात तेलुगू, गल्लीत कानडी,
शिव्या मात्र सगळ्याच भाषांत बिनचूक.
कन्ना चौकात आमचं झेरॉक्सचं दुकान.
वडील जेवायला गेले की
आम्ही खलनायक छापायचो. किंमत एक रुपया.

कागद नव्हता. जकार्डची बाद कार्डं होती,
चादरीवरचा मोर ज्यांच्या भोकांतून उतरतो, ती.
त्यांच्यावरच तो शाईने काढायचा,
म्हणून भोंगासुर जन्मतःच भोकाभोकांचा.
तळहातात एक, बरगडीत सात.
पहिल्याच अंकात नायकाने गोळ्या झाडल्या.
गोळ्या आधीच असलेल्या भोकांतून
सरळ निघून गेल्या,
मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं पडलं.
"हा मरत नसतो बे," राजमल्लू म्हणाला.
का?
"नंतर सांगतो."

नंतर म्हणजे अकरा अंक.
अकरा अंकांत आम्ही त्याला
सिद्धेश्वर तलावात बुडवला,
किल्ल्याच्या खंदकात पुरला,
गड्ड्यात मौत का कुआमध्ये वरून टाकला.
मे महिन्यात दुपारी दोनला
विजापूर वेशीत अनवाणी उभा केला.
नायक बाहेरगावचा, तो उन्हाने आडवा झाला.
हा सावलीसुद्धा न शोधता चालत राहिला.

त्याचा गुन्हा एकच. झोप चोरणं.
रात्री घरात शिरायचा,
पांघरलेल्या चादरीचं एक सूत धरायचा
आणि ओढायचा.
मोर शेपटीपासून उसवत जायचा.
सकाळी माणसं सुताच्या ढिगात बसलेली,
डोळे तांबडे.
आणि तो बोलायचा नाही.
राजमल्लू त्याच्या तोंडापाशी फुगे काढायचा, रिकामे.
मी चिडायचो, मग माझं काम काय?

बाराव्या अंकात जन्मकथा आली.
गिरणी. तिसरी पाळी.
साच्यांच्या मधोमध एक माणूस.
रात्रीतून गेटला कुलूप, कुलपावर नोटीस,
आणि सकाळी भोंगा वाजायला निघाला
तर वाजवायला कुणी नाही.
तसाच छपरावर ताटकळत राहिला.
ह्या माणसाने वर बघून तोंड उघडलं
आणि भोंगा गिळला.

आता पाळी सुटत नाही.
पाळी सुटल्याशिवाय घरी जाता येत नाही,
आणि मरण तर घरीच यायचं ठरलेलं.

भारी आहे बे, म्हणालो.
मग मिशी पाहिली.
डाव्या बाजूला बिडीने जळालेली.
ती मी रोज बघायचो,
राजमल्लूच्या दारात, बाजेवर.
चिलवेरी मामा, हात मांडीवर,
अंगठा आणि तर्जनी
नसलेला धागा जोडत बसलेली.
गिरणी बंद झाल्यापासून मामा बोलले नव्हते.
"बोललं की खोकला येतोय त्यांना,"
मामी सुपात बिड्या वळत सांगायची,
कुणी विचारलं नसलं तरी.

टोनर संपलाय, मी राजमल्लूला म्हणालो.
संपला नव्हता.

मामा एका पहाटे मोठ्याने खोकले.
एकदाच, लांबलचक.
समोरच्या घरातले लोक उठून बाहेर आले,
एकाने तर सवयीने डबाच शोधला म्हणे.
सातच्या आत सगळं आटोपलं होतं.

राजमल्लू आता भिवंडीला असतो.
दिवाळीत फोन करतो.
"लिहिलास का बे?"
बारावा अंक माझ्याकडे आहे.
शेवटच्या चौकटीतला फुगा रिकामा.
एक अक्षर पुरेल. भों,
आणि पुढे मावतील तितके अवग्रह,
की पाळी सुटली, भोंगासुर खलास.
मी पेनाचं टोपण काढतो. लावतो.
कार्ड ट्यूबलाइटसमोर धरलं की
भिंतीवर उजेडाचे ठिपके पडतात.
मोर काही दिसत नाही.

रात्रीचे दोन.
आतून बायको विचारते, झोप येत नाही का?
येते, म्हणतो.