ओढ

उत्तरायण झालं आणि
मकरपुऱ्यातल्या आमच्या शेडमध्ये
रंध्याखालचा भुसा खालीच पडू लागला.
एरवी पाइप त्याला वरच्यावर गिळायचा.
मोटर चालू, घरघर तीच,
पत्र्याला कान लावला तर थरथरही तीच.
मनुभाई म्हणाले, "बेन, खेंच नथी,"
आणि तोंडावरचा रुमाल बाजूला करून खोकले.

पिशव्या काढल्या. बाहेर दोरीवर टांगून
गादी बडवावी तशा बडवल्या.
शेजारच्या व्हॉल्व्हवाल्या ठक्करांनी
न बोलता स्कूटर चार हात पुढे नेऊन लावली.
मशीनपाशी एकेक झडप लावून पाहिली,
पाच बंद, एक उघडी. मग दुसरी.
तळहात पाइपच्या तोंडाशी धरला
की एखाद्या आजाऱ्याने चहा फुंकावा
तेवढीच हवा, फक्त आत जाणारी.

इरफानने छपरावरच्या फाटक्या पतंगाची पट्टी कापली
आणि जोडाजोडांवरून फिरवत गेला.
जिथे हवा चोरवाटेने शिरते
तिथे कागद जीभ टेकतो.
एकाच ठिकाणी टेकली. पट्टा आवळला.

मग छताखालचं वळण उघडलं.
सागाची ढलपी, तिच्यामागे दुसरी,
तिच्यात माझी दिवाळीपासून हरवलेली लाल पेन्सिल,
आणि विड्यांचं अर्धं बंडल.
या भुशात,
जिथे मी देवाजवळही निरांजन लावू देत नाही.
कोणी कोणाकडे पाहिलं नाही.
मी ते बंडल खिडकीत ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

वळण परत बसवलं. थोडी ओढ आली,
लाजेकाजेस्तव.

बारा दिवस असे गेले.
संखेड्याला लाखकामासाठी जायचे झोपाळ्याचे पाट
माझ्या पापण्यांइतकेच पांढरट.
रात्री भाकरीतसुद्धा सागाची कडू चव.

इरफान, वय एकोणीस, चहा ढवळता ढवळता म्हणाला,
तुम्ही मांडवीला गेला होतात त्या दिवशी
खांबावर मांजा अडकून ठिणग्या उडाल्या,
वायर बदलली, आणि मग करवत उलटी फिरली होती ना?
मनुभाईंनीच वायरमनला धरून ठेवलं,
करवतीच्या तारा बदलून घेतल्या, रंध्याच्याही.

मनुभाईंनी कप खाली ठेवला.
"पंखो रही गयो."

तो भिंतीबाहेर, निंबाखाली. त्याला कोण बघतं?
मी बटण बंद करायला सांगितलं
आणि शेवटचे पाच-सहा फेरे डोळ्यांनी धरले.
मग अंगठ्याने त्याच्या पोटावरची धूळ पुसली.
खाली कारखान्याने कोरलेला बाण होता.
बाण सूर्य जातो तिकडे,
पंखा माघारी.

उलटा फिरूनही तो ओढतच होता,
म्हणून तर कळलं नाही.
साफ थांबला असता
तर पहिल्याच सकाळी पाना घेऊन धावलो असतो.
पातं उलटं फिरलं की शेडभर ओरड होते.
हा निम्म्याहून कमी दमावर
रोज हजेरी लावत राहिला
आणि उरलेलं आम्ही आमच्या छातीत भरून घेतलं.

मेन बंद. चावी माझ्या पदरात.
तीनातल्या दोन तारांची अदलाबदल,
पिवळीच्या जागी निळी. सात मिनिटं, फार तर.

बटण दाबलं तसा
इरफानच्या हातातली पतंगाची पट्टी सुटली
आणि पाइपात सरकन दिसेनाशी झाली.
तो हसला, मी त्याला रागवायचं विसरले.

दुपारभर रंधा चालला.
पत्र्याच्या भोकातून उतरणारा उन्हाचा खांब
विरत गेला, विरत गेला, उरला नाही.
ऊन मात्र पाटावर होतंच, रुपयाएवढं.

जाताना मी लाखेच्या लाल रंगाने
तो बाण पुन्हा काढला, मूळच्यापेक्षा मोठा.
हात धुऊन वळले तर
खिडकी रिकामी.
रस्त्याच्या पलीकडे, आमच्या भुशापासून चांगलं लांब,
मनुभाई पाठमोरे उभे होते,
खोकत.